बिनतळाची फाइल

तळघरे हे त्यांचं आडनाव नव्हे. सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात, पाण्याच्या पंपाची खोली आणि मोडक्या खुर्च्यांची खोली यांच्यामध्ये एक तिसरी खोली आहे. तिथे ते एकवीस वर्षं संगणक सांभाळत बसले, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांना तळघरे केलं. पुढे हे नाव इतकं रुळलं की पगाराचा कागद सोडून सगळीकडे तेच लागलं. एकदा 'श्री. तळघरे सहकुटुंब' अशी लग्नाची पत्रिका घरी आली. त्यांच्या बायकोनं ती वाचली, "हे कोण बाई? आपल्याकडे चुकून आलीय," म्हणाली आणि शेजाऱ्यांकडे नेऊन दिली. शेजारी लग्नाला जाऊन जेवून आले.

माणूस मोठा आणि खोलीचं दार लहान. दाराची चौकट कपाळाच्या बरोबर उंचीवर येते, त्यामुळे तळघऱ्यांना दिवसातून दहा-बारा वेळा त्या चौकटीसमोर वाकावं लागे. यंत्रांना गारवा लागतो म्हणून अंगात बाराही महिने स्वेटर. कामानिमित्त वर उजेडात आले की ते डोळे मिचकावत उभे राहत आणि कोणी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललं तर हळूच जिन्याकडे सरकू लागत. माणसांचं त्यांना वावडं नव्हतं. माणसं एका वेळी एकच गोष्ट सांगत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार होती.

यंत्र मात्र एका वेळी एकच गोष्ट सांगतं. तळघऱ्यांच्या त्या जुन्या यंत्रात सगळं काही फाइल होतं. पडदा ही फाइल, कळफलक ही फाइल, वरच्या काउंटरवरचं छपाईयंत्र हीसुद्धा फाइल. म्हणजे कागदपत्रं ठेवायची साधी फाइल नव्हे, नुसतं दार. त्या नावानं काही लिहिलं की ते दारापलीकडच्या यंत्राकडे जायचं. आणि ही दारं हातानं बसवता येत. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, एमकेनॉड. पुढे दाराचं नाव, मग एक अक्षर, मग दोन आकडे. पलीकडचं यंत्र माल एकेक अक्षरानं घेतं की गठ्ठ्यानं, ते अक्षरावरून कळायचं. पहिला आकडा म्हणजे खातं, दुसरा म्हणजे त्या खात्यातली नेमकी खिडकी. आकडा चुकला तरी यंत्र हूं की चूं करत नाही. दार बसवून देतं. ते भलतीकडे उघडतं, एवढंच.

हे आकडे तळघऱ्यांना पाढ्यासारखे पाठ. त्यांत एक दार त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचं. त्याचं नाव नल. सी, एक, तीन. त्याच्या पलीकडे काहीही नाही. लिहाल ते नाहीसं होतं, वाचायला जाल तर रिकामं मिळतं. ते कधी भरत नाही, कधी कुरकुरत नाही.

"सगळ्या यंत्रात तेवढं एक सज्जन आहे," तळघरे म्हणायचे. "माणसांत असं कोणी भेटलं असतं, तर मी वर येऊन बसलो असतो."

या सज्जनाचा त्यांनी किती फायदा घेतला असेल? गारव्याचं यंत्र दर महिन्याला 'मला साफ करा' म्हणू लागलं, की त्याचं म्हणणं नलमध्ये. पुस्तकांच्या यादीचा प्रोग्राम काही आठवण करू लागला, की ती नलमध्ये. एकदा मोठ्या साहेबांच्या, म्हणजे ग्रंथपालांच्या मनात आलं की पुस्तकाबरोबर वाचकाला जी तारखेची चिठ्ठी देतो, तिच्या तळाशी दर आठवड्याला एक चांगला विचार छापावा. तिसऱ्या आठवड्यात एका वाचकानं त्या विचाराखाली स्वतःचा विचार लिहून चिठ्ठी परत केली, तेव्हा साहेबांनी ती ओळ बंद करायला सांगितली. दुसऱ्या कोणी प्रोग्राम उघडून ओळ काढून टाकली असती. तळघऱ्यांनी एवढंच लिहिलं, की तळाचा मजकूर नलमधून घ्यावा. नलमधून काही मिळत नाही, म्हणून काही छापलं जात नाही. झालं काम.

आणि सूचनांचंही असंच.

वाचनकक्षाच्या दाराशी वाचकांच्या सूचनांसाठी एक पडदा आणि कळफलक आहे. आधी त्या सूचना एका फाइलमध्ये साठत, दर शनिवारी छापून साहेबांच्या टेबलावर जात. पंखा फार जोरात आहे. पंखा फार हळू आहे. ओठ हलवून वाचणाऱ्यांना वेगळं बसवावं. साहेबांनी दोन महिने सोसलं आणि म्हणाले, "तळघरे, हे माझ्यापर्यंत येऊ देऊ नका. काय करायचं ते करा."

तळघऱ्यांनी केलं. फाइलचं नाव खोडून तिथे नलचं नाव घातलं, अर्ध्या मिनिटाचं काम. पण माणूस सभ्य. सूचना लिहून झाली की पडद्यावर काहीतरी दिसायला हवं, म्हणून त्यांनी चहा पिता पिता एक ओळ रचली: 'आपली सूचना पोहोचली. आपण वेळ काढलात, ग्रंथालय आपलं आभारी आहे.' 'वेळ काढलात' हे शब्द सुचल्यावर ते बराच वेळ स्वतःवर खूश होते.

याला सहा वर्षं झाली.

त्याच सुमारास तळघऱ्यांच्या सासूबाई गेल्या आणि सासरे लेकीकडे राहायला आले. सासरे घड्याळजी. दुकान दाराएवढं रुंद, त्यात ते स्वतः, एक भिंग आणि गावभरची थांबलेली घड्याळं. ते दुकान बंद करून आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी लेकीच्या घरातली सगळी घड्याळं अशी लावून दिली, की दुपारी बारा वाजता त्या घरात अर्धं मिनिट कोणी कोणाशी बोलू शकत नसे. मग काम संपलं. मग ते स्वयंपाकघरात येऊन बसू लागले.

"बाबा," लेक म्हणाली, "ग्रंथालयात जा, वाचा, चार माणसं भेटतील. माझ्या मिक्सरकडे असं बघत बसू नका. तो चालतोय."

तेव्हापासून रोज दहा ते एक घड्याळजी वाचनकक्षात. त्या तीन तासांसाठी ते सकाळी आठपासून तयार होऊन बसत. खाली तळघरात आपला जावई आहे याचा त्यांना मनस्वी अभिमान. शेजारच्या वाचकाला सांगायचे, "यांच्याशिवाय इथलं पान हलत नाही." पण सहा वर्षांत एकदाही ते जिना उतरून खाली आले नाहीत. कामाच्या जागी नातं नेऊ नये, हा त्यांचा कायदा. घरी ते जावयाला 'जावईबापू' म्हणत, जावई त्यांना 'मामा' म्हणत, आणि ग्रंथालयाविषयी जेवताना कोणी बोलत नसे.

अलीकडे मात्र मामा सकाळी चपला घालताना रेंगाळू लागले होते.

"अहो," बायको तळघऱ्यांना म्हणाली, "बाबांना तिथे कोणी काही बोललं का? परवा म्हणत होते, जाऊन तरी काय करायचं. एकदा जायचं बंद केलं तर ते उठायचेही नाहीत हो. बघा ना जरा."

"बघतो," तळघरे म्हणाले. हेही नलमध्ये गेलं.

आणि मग तो सोमवार आला.

सोमवारी सकाळी तळघरे जुन्या फाइली आवरत होते. त्यांत 'शुक्रवारी पाणी येणार नाही' अशी कधीकाळची एक सूचना सापडली. सरळ पुसून टाकायची. पण हाताला सवय एकाच दाराची. त्यांनी ती फाइल उचलून नलवर हलवली. आता, नलमध्ये मजकूर ओतणं वेगळं आणि नलच्या जागी फाइल नेऊन ठेवणं वेगळं. साध्या माणसानं असं केलं असतं तर यंत्रानं हात धरला असता. पण तळघरे कायम सर्वाधिकाऱ्याच्या नावानं बसलेले, त्यांना यंत्र कधीच नाही म्हणत नसे. कचरा विहिरीत टाकायला गेलेल्या माणसानं विहीर बुजवून तिथे माठ ठेवावा, तसं झालं. दार गेलं, त्याच्या जागी साधी, सगळ्यांना लिहायला मोकळी फाइल बसली. आणि तिच्यात जे पडेल ते साठू लागलं.

साडेदहाला काउंटरवरून फोन आला. काउंटरच्या बाई वीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारतात, म्हणून त्या शिक्केबाई.

"तळघरे, शुक्रवारी पाणी येणार नाहीये का?"

"कुठं?"

"ते मला काय माहीत. माझ्या चिठ्ठीला माहीत आहे. प्रत्येक चिठ्ठीच्या खाली छापून येतंय. बाया मला विचारतायत, घरी भरून ठेवायचं का."

"बघतो," तळघरे म्हणाले.

बारा वाजता पुन्हा फोन.

"तळघरे, आता चिठ्ठी हातभर लांब झालीय. शुक्रवारी पाणी येणार नाही, पंखा फार जोरात आहे, आणि खिडकीजवळचे गृहस्थ घोरतात. ते गृहस्थ चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभे आहेत. बोलता का त्यांच्याशी?"

पंखा आणि घोरणं ही भाषा कोणत्या दाराची, हे तळघऱ्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी नल उघडून पाहिलं. सहा वर्षांत जे कधी दिसलं नव्हतं ते दिसलं: अक्षरं. पाण्याची जुनी सूचना, खाली पंखा, त्याखाली घोरणारे गृहस्थ, आणि सगळ्यांत शेवटी हे:

'वाचनकक्षातील भिंतीवरचे घड्याळ आज अकरा मिनिटे मागे आहे. प्रथम कळविले तेव्हा दोन मिनिटे मागे होते. त्याचे सेल बदलले जातात, काटे कोणी लावत नाही. मला फक्त एक शिडी व दहा मिनिटे द्यावीत. हत्यारे माझी, मोबदला नको. ही विनंती दोनशे एक्क्याण्णवाव्या सोमवारी करीत आहे. प्रत्येक वेळी आभार मानले जातात, त्या अर्थी वाचले जात असावे असे धरून चालतो. तसे नसल्यास कृपया सांगावे, म्हणजे मी कोणाचा वेळ घेणार नाही व येथे येणेही थांबवीन. मी येथे कोणाचा सासरा आहे हे ध्यानात घेऊ नये.'

तळघऱ्यांनी ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही. एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसाला एवढं लिहायला तास तरी लागला असणार. एक सोमवार, एक तास. गुणाकार करायला त्यांना यंत्र लागलं नाही. तोंडात मारल्यासारखे ते खुर्चीत बसून राहिले. कान तापले. खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटून त्यांनी पडद्याचा उजेड कमी केला.

आणि मग घाबरलेल्या माणसाच्या हातांनी, सवयीनं, त्यांनी तेच केलं जे त्यांना सर्वांत चांगलं येत होतं. ती फाइल पुसली. एमकेनॉड. नल. सी, एक, तीन. शिंकायला लागतो तेवढ्या वेळात सहा वर्षांचा पुरावा गेला आणि दार जागच्या जागी बसलं. त्यांनी दारात एक शब्द टाकून पाहिला. गेला. वाचून पाहिलं. रिकामं. एकवीस वर्षांत इतकं सफाईचं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं, आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं.

ते वर गेले. शिक्केबाईंनी लांब चिठ्ठ्यांची गुंडाळी करून ठेवली होती.

"व्हायरस होता," तळघरे जमिनीकडे बघत म्हणाले. "काढला."

"फार नीट मराठी येतं हो तुमच्या व्हायरसला," शिक्केबाई म्हणाल्या. "आणि निरीक्षण चांगलं आहे. ते गृहस्थ घोरतात."

"सगळ्या चिठ्ठ्या मिळाल्या?"

"एक सोडून. घड्याळवाले आजोबा पुस्तक घेऊन गेले. चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मला नमस्कार करून गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना."

संध्याकाळी जेवायला बसताना मामांनी ती चिठ्ठी खिशातून काढली, ताटाशेजारी पसरली आणि वर चमचा ठेवला, उडू नये म्हणून.

"जावईबापू, वाचा."

तळघऱ्यांनी वाचायचं नाटक केलं.

"छापली त्यांनी," मामा म्हणाले. "माझ्या एकट्याच्या चिठ्ठीवर नव्हे. मागच्या माणसाला दाखवायला सांगितली, त्याच्याही चिठ्ठीवर. म्हणजे सगळ्यांना वाचायला दिली. मी मनात भलतंच धरून बसलो होतो."

लेकीनं चिठ्ठी उचलून वाचली. "बाबा, दोनशे एक्क्याण्णव सोमवार? घरात एक अक्षर बोलला नाहीत?"

"ऑफिसची गोष्ट घरी कशाला. जावईबापूंना संकोच झाला असता."

"आणि त्यांनी सहा वर्षं लावली?"

"अगं, मोठी संस्था आहे. हजारो माणसं लिहितात. एकेक वाचायचं म्हणजे वेळ लागतो." मामांनी घास घेतला. "उद्याच लिहितो. सहा फुटी शिडी पुरे. सोमवारची वाट आता कशाला बघायची."

तळघरे ताटातला घास नुसता फिरवत बसले.

"अहो, मीठ जास्त पडलंय का?"

"नाही."

"मग ताटाकडे असं काय बघताय? बंद पडलेल्या मशीनकडे बघतात तसं?"

खरं सांगायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. मामा खुशीत होते, लेक हसत होती, चिठ्ठी समोर होती. तळघऱ्यांनी तोंड उघडलं, आणि आणखी भाजी मागितली. नको असलेली ती भाजी त्यांनी शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ली.

मंगळवारी सकाळी अकराला जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. तळघऱ्यांच्या खोलीत शिरताना प्रत्येकाला वाकावं लागतं. मामा बुटके. ते ताठ मानेनं आत आले आणि पंपाच्या आवाजात उभे राहिले. हातात वही होती.

"नातं घेऊन आलो नाही," ते म्हणाले. "वाचक म्हणून आलोय. शिडीचं लिहिलं, आणि पडद्यावर नेहमीचे आभार आले नाहीत. दुसरंच काही आलं. उतरवून आणलंय. अर्थ सांगा."

वहीत घड्याळजीच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: नल नावाच्या फाइलमध्ये लिहिण्याची मुभा आपल्याला नाही.

तळघऱ्यांना क्षणात कळलं. एमकेनॉडनं दार बसवलं की ते फक्त सर्वाधिकाऱ्याला लिहिण्यापुरतं उघडं असतं. बाकीच्यांसाठी दुसरी एक आज्ञा देऊन ते मोकळं करावं लागतं. कालच्या घाईत ती दुसरी आज्ञा राहिली. त्यांनी स्वतः शब्द टाकून पाहिला होता, तो गेला, कारण त्यांना कुठलंच दार बंद नसतं. बाकीच्यांना ते कसं दिसतं, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. कालही नाही आणि सहा वर्षांतही नाही.

"दुरुस्त होईल," ते म्हणाले. "एक आज्ञा राहिलीय."

"ते होईल हो. मी विचारतोय, ही नल फाइल काय आहे? माझी सूचना तिच्यात का जात होती?"

तळघऱ्यांनी स्वेटरची बाही ओढली. पंप बंद पडला, त्यामुळे खोलीत एकदम शांत झालं.

"मामा, बसा."

"उभा बरा आहे."

"ती फाइल नाही. दार आहे. पलीकडे काही नाही. जे लिहाल ते जातं."

"कुठं?"

"कुठंच नाही."

मामांनी भिंतीकडच्या यंत्राकडे पाहिलं. थांबलेल्या घड्याळाकडे बघावं तसं, आत काय मोडलंय त्याचा अंदाज घेत.

"कधीपासून?"

"तुम्ही लिहायला लागायच्या आधीपासून."

"म्हणजे एकही नाही?"

"एकही नाही."

"कोणी केलं हे?"

"साहेब म्हणाले, त्यांच्यापर्यंत येऊ देऊ नका." तळघरे थांबले. "मी केलं."

"आणि काल छापून आलं ते?"

"चुकून. माझ्याच हातून दार मोडलं होतं, म्हणून साठलं. मी वाचलं आणि पुसलं. मग दार परत बसवलं."

"वाचून पुसलं," मामा म्हणाले.

तळघऱ्यांनी मान हलवली. त्या क्षणी पुढचा प्रश्न येऊ नये असं त्यांना फार वाटत होतं, आणि तोच आला.

"मग आभार कोण मानत होतं?"

"मीच. एकदाच लिहून ठेवले होते."

मामांनी वही मिटली. "माझ्याकडे घड्याळ यायचं, आणि मला जमणारं नसलं, तर मी गिऱ्हाइकाला परत द्यायचो. लाज वाटायची, पण परत द्यायचो." ते दाराकडे वळले. "येतो, तळघरे."

सहा वर्षांत त्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं. वरची माणसं दिवसातून पन्नास वेळा ते नाव घेत, आणि तळघऱ्यांना ते कधी टोचलं नव्हतं. आज मात्र टोचलं.

बुधवारी मामा ग्रंथालयात गेले नाहीत. गुरुवारीही नाही. आठ वाजता तयार होऊन ते स्वयंपाकघरात बसले आणि मिक्सरकडे बघत राहिले. लेकीनं काय झालं ते विचारलं तर म्हणाले, "काही नाही. तळघऱ्यांना विचार." तिनं विचारलं. तळघऱ्यांनी सगळं सांगितलं, ओट्याकडे तोंड करून, पाण्याचा पेला पुन्हा पुन्हा विसळत. तिनं पेला त्यांच्या हातातून काढून घेऊन जागेवर ठेवला, एवढंच. ती चिडून दोन शब्द बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

शुक्रवारी तळघरे साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "मी असं म्हणालो होतो?"

"म्हणाला होतात. पण केलं मी. आता सूचना परत फाइलमध्ये साठतील. रोज संध्याकाळी मी छापून वाचीन, आणि तुमच्याकडे आणीन."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि एक शिडी पाहिजे. सहा फुटी."

संध्याकाळी घरी येऊन ते मामांसमोर बसले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले.

"शिडी काढून ठेवलीय, मामा."

"लावा की मग तुम्हीच. काटे पुढे करायचे, त्यात काय आहे."

"नाही जमणार मला. आणि तुम्ही मागितली होती." मग ते म्हणाले, "पडद्यावरची ती ओळ खोडली. तिथं काय लिहावं ते सुचत नाही. तीन चहा झाले."

घरातली घड्याळं सात वाजल्याचं एकदम सांगून गेली.

"जे झालं असेल तेच लिहा," मामा म्हणाले. "सूचना मिळाली. अजून वाचलेली नाही. वाचली की मग वाचली म्हणा."

सोमवारी दहा वाजता, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात नऊ एकोणपन्नास असताना, वाचनकक्षाच्या मधोमध शिडी उभी राहिली. तळघरे स्वेटर घालून भर उजेडात ती धरून उभे होते. सगळे वाचक बघत होते. घोरणारे गृहस्थसुद्धा जागे होते. शिक्केबाई शिक्का हातात घेऊन दारात आल्या होत्या.

"तळघरे, घट्ट धरा," वरून आवाज आला.

"धरलंय, मामा."

"हलतेय."

तळघऱ्यांनी एक पाय खालच्या पायरीवर रोवला. मामांनी घड्याळ उतरवलं, काच पुसली, काटे पुढे केले, मागचं झाकण उघडून आत एक बारीकसा स्क्रू फिरवला आणि कान लावून ऐकलं. एका क्षणात सगळा कक्ष अकरा मिनिटांनी पुढे गेला. तेवढ्यात साहेब आपल्या नेहमीच्या वेळेला आले, भिंतीकडे पाहिलं, आणि आपल्याला उशीर झालाय हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं.

खाली उतरून मामा कोणाशी न बोलता दाराजवळच्या पडद्याकडे गेले आणि एका बोटानं टाइप करू लागले. तासभर तरी ते तिथे होते. तळघरे शिडी घेऊन खाली गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ती फाइल उघडली नाही. छापायच्या वेळी कागद पुढे आला तेव्हा त्यावर पाच सूचना होत्या. चार पंख्याच्या. पाचवी अशी:

'घड्याळ लावले. रोज अर्ध्या सेकंदाने पुढे जाईल, तरी वर्षातून दोनदा शिडी लागेल. दुसरे. तळघरातील खोलीच्या दाराची चौकट फार खाली आहे. ती उंच करू नये. आत जाणाऱ्याने रोज वाकूनच जावे. मी येथे कोणाचा सासरा आहे हे ध्यानात घ्यावे.'

तळघऱ्यांनी ते दोनदा वाचलं, या वेळी. खाली 'वाचली' असं लिहिलं. तो कागद साहेबांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला, मग जरा विचार करून मधे सरकवला, मग स्वतःच्याच नजरेतून उतरल्यासारखे होऊन पुन्हा वर ठेवला, आणि गठ्ठा उचलून दारातून वाकून बाहेर पडले.